पीट कॅम्पबेल असा का वागतो? ('मॅड मेन', सगळे सीझन, स्पॉयलर आहेत)

जुनीवही

लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा 'मॅड मेन' बघितली तेव्हा पीट पडद्यावर आला की मी सरळ पुढे ढकलायचे, इतका डोक्यात जायचा. आता परत पहिल्यापासून बघतेय, रात्री सगळं आवरलं की एक भाग, आणि यावेळी उलटंच झालंय, नायक डॉनचे सीन चालू असतात आणि मी पीटची वाट बघत असते. घरात कोणाला यात रस नाही म्हणून इथे लिहितेय, मोठं झालंय, सांभाळून घ्या.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, २००७ ते २०१५ चाललेली मॅथ्यू वाइनरची मालिका, १९६० पासून १९७० पर्यंतचं न्यूयॉर्क, मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरची जाहिरात एजन्सी. डॉन तिथे जाहिराती सुचवणाऱ्या क्रिएटिव्ह विभागाचा प्रमुख, पीट अकाउंट्समध्ये, म्हणजे क्लायंट सांभाळणारा. सुरुवातीला सव्वीस वर्षांचा, चांगल्या शाळाकॉलेजातला, आई डायकमन घराण्यातली. आणि हा माणूस पहिल्याच भागात लग्नाच्या तोंडावर ऑफिसात नवीन लागलेल्या सेक्रेटरीला, पेगीला, तिच्या कपड्यांवरून घालूनपाडून बोलतो आणि त्याच रात्री पिऊन तिच्या दारात उभा राहतो. तिथून पुढे यादी वाढतच जाते.

तर प्रश्न असा की याला कमी काय आहे? नाव आहे, नोकरी आहे, बायको चांगली आहे. मग सतत कोणावर तरी दात ओठ खात का असतो?

मला जे दिसलं ते सांगते. पहिल्या सीझनचा चौथा भाग आठवा. पीट डॉनच्या डोक्यावरून जाऊन स्टील कंपनीच्या क्लायंटला स्वतःची कल्पना सांगतो, डॉन त्याला हाकलतो, आणि मालक बर्ट कूपर म्हणतो याला काढता येणार नाही. का, तर याच्या आईच्या घराण्याकडे एकेकाळी १२५ व्या स्ट्रीटच्या वरचं जवळजवळ सगळं मॅनहॅटन होतं, आणि त्या ओळखी आपल्याला लागतात. डॉन विचारतो पैसा आहे का त्यांच्याकडे? नाही, १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत म्हाताऱ्याने घाबरून सगळं घालवलं. म्हणजे उरलंय फक्त नाव. आणि खरी मेख पुढे आहे, कूपरचा भागीदार रॉजर पीटला सांगतो की तुझी नोकरी डॉनने वाचवली. पीट डॉनकडे असा बघतो की मला दरवेळी गलबलतं, त्याला वाटतं आपल्यात काहीतरी दिसलं म्हणून ठेवून घेतलं. त्याला कळतच नाही की आडनाव ठेवून घेतलंय, तो नाही.

त्याच भागात तो वडलांकडे फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी पैसे मागायला जातो. वडील नाही म्हणतात, वर नोकरीची टिंगल करतात, क्लायंटला खाऊपिऊ घालणं हे काय काम आहे का, आणि मग ते वाक्य, की आम्ही तुला सगळं दिलं, आमचं नाव दिलं, तू त्याचं काय केलंस? मी ते दोनदा मागे नेऊन ऐकलं. म्हणजे मुलाला दिलं काय तर एक जुनी हुंडी, जी कुठे वटत नाही, आणि वर त्याच्याकडूनच व्याज मागायचं. पैसे शेवटी सासरे देतात, आणि ते पैसे घेताना याचा चेहरा पडतो, कारण आता सासऱ्यांचाही हिशोब लागू होणार. फ्लॅट बघायला गेल्यावर बायको ट्रूडी मात्र शेजारणीला कौतुकाने याच्या घराण्याच्या गोष्टी सांगत असते आणि हा खिडकीतून बाहेर बघत उभा.

मला वाटतं त्याचं सगळं वाईट वागणं इथून निघतं. त्याला लहानपणापासून सांगितलंय की जगाकडे तुझं येणं आहे. ते कोणी देत नाही. आणि ज्याच्याकडून मिळालं नाही त्याला हा काही करू शकत नाही (वडील, डॉन, कूपर), म्हणून वसुली दुसरीकडे करतो, नेहमी त्याच्यापेक्षा खालच्या माणसाकडून. एकदा हे दिसलं की प्रत्येक सीझनमध्ये दिसायला लागतं. सहकारी केनची गोष्ट 'अटलांटिक' मासिकात छापून येते, ऑफिसात सगळे कौतुक करतात, याला सहन होत नाही, मग हा ट्रूडीला तिच्या जुन्या मित्राकडे पाठवतो जो प्रकाशनात आहे. आणि ती आपली अब्रू सांभाळून मुलांच्या मासिकात गोष्ट छापून आणते तर हिच्यावरच चिडतो, की जरा अजून 'गोड' वागली असतीस तर मोठ्या ठिकाणी आली असती. स्वतःच्या बायकोला! आठवा, पुढे पाचव्या सीझनमध्ये ऑफिस सांभाळणाऱ्या जोनकडे जॅग्वारवाल्या माणसाचा तो किळसवाणा प्रस्ताव (अकाउंट हवं तर तिने एक रात्र त्याच्याबरोबर काढावी) घेऊन कोण जातं. त्याला त्यात काही विचित्र वाटतच नाही कारण त्याने हे आधी घरात करून बघितलेलं असतं.

अजून खूप आहे, पण आधी तुम्ही सांगा. मला त्याची कणव येते आणि ती येते याचा त्रासही होतो.

कोकणकडा

अगदी मनातलं लिहिलंत. रायफलचा भाग विसरू नका. लग्नात एकाच प्रकारच्या दोन डिश आल्या म्हणून एक परत करायला जातो, दुकानातल्या मुलीशी गोड बोलायला बघतो, ती ढुंकून बघत नाही आणि मागून याच्या ओळखीचा एकजण येऊन तिला सहज हसवतो. मग हा त्या डिशच्या बदल्यात रायफल घेऊन ऑफिसात येतो आणि बसल्या जागेवरून सेक्रेटरींवर नेम धरतो. नेम धरायला बायकाच सापडतात. त्या भागानंतर मला त्याची भीती वाटायला लागली होती, हसू नाही आलं. ती रायफल पुढे कितीतरी दिवस त्याच्या केबिनमध्ये असते, आपल्याला सतत वाटत राहतं की ही कधीतरी चालणार, आणि ती चालत नाही. लिहिणाऱ्याला मानलं पाहिजे.

मीरज_जंक्शन

धागा चांगला आहे पण मला एक स्पष्ट म्हणायचंय. तिसऱ्या सीझनमधली गुड्रुन कुठेय तुमच्या लेखात? शेजाऱ्यांकडे कामाला असलेली जर्मन मुलगी, मालकिणीचा ड्रेस न विचारता घातला, त्यावर डाग पडला, घाबरून रडतेय. पीट एकटाच आहे कारण ट्रूडी माहेरी. हा ड्रेस बदलून आणून देतो, इथवर ठीक, आणि मग रात्री पिऊन तिच्या दारात, की मी एवढं केलं आता माझं काय. ती नको म्हणतेय, मुलं आत झोपलीयेत, आणि ती ओरडू शकत नाही कारण ओरडली तर नोकरी जाणार. ह्याला बळजबरी म्हणतात. आणि नंतर शेजारी येऊन समजावतो काय, तर अशा गोष्टी बिल्डिंगच्या बाहेर कर, मला दुसरी बाई शोधायला लावू नकोस. त्या मुलीचं काय झालं हे कोणी विचारत नाही, मालिकाही नाही विचारत.

तर वडलांनी प्रेम केलं नाही वगैरे सगळं खरं असेल, पण न्यूयॉर्कमध्ये लाखो मुलांवर वडलांनी प्रेम केलं नव्हतं. असुरक्षित असणं वेगळं, असुरक्षित असून वरून कोणी हात लावणार नाही ही खात्री असणं वेगळं. तुम्ही शीर्षकात विचारलंय तो असा का वागतो, माझं उत्तर आहे कारण त्याला वागता येतं. कोणी थांबवत नाही.

जुनीवही

@मीरज_जंक्शन, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य आणि गुड्रुन मी टाळली हे खरंय. लिहायला बसले होते आणि पुढे सरकले, कदाचित कणव टिकवायची होती म्हणून. तुम्ही आणलीत ते बरं झालं.

पण तुम्ही जे म्हणताय ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध नाहीये असं मला वाटतं. त्या प्रसंगात तो शब्दशः येणं मागायला जातो ना? ड्रेस आणला, आता आभार मान. ही तीच सवय आहे. नुसती असुरक्षितता असती तर तो घरी बसून कुढला असता. नुसता माज असता तर रॉजरसारखा मजेत राहिला असता, रॉजरही जन्मापासून श्रीमंत, तोही वाईट वागतो, पण हसत हसत, त्याला कोणाकडून काही सिद्ध करून घ्यायचं नसतं. पीटमध्ये दोन्ही एकत्र आलंय म्हणून तो जास्त घातक आहे. आणि तुमचं शेवटचं वाक्य, कोणी थांबवत नाही, ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलं.

इनवुडवासी

पहिल्यांदाच इथे प्रतिसाद देतोय, एरवी फक्त वाचतो. मी काही वर्षं मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला इनवुडला राहायचो, ए ट्रेनचं शेवटचं स्टेशन २०७ वा स्ट्रीट, त्याच्या आधीचं स्टेशन डायकमन स्ट्रीट. रोज ते नाव कानावर पडायचं आणि मी मालिका तिथे राहत असतानाच बघितली त्यामुळे बर्ट कूपर डायकमन म्हणाला तेव्हा दचकलोच.

डायकमन हे खरं घराणं आहे, सतराव्या शतकात आलेलं. पीट आणि त्याची आई कल्पित, पण घराणं खरं. त्यांचं शेतघर अजून उभं आहे, ब्रॉडवे आणि २०४ वा स्ट्रीट, १७८५ च्या आसपास बांधलेलं, मॅनहॅटनमध्ये उरलेलं शेवटचं तसलं डच पद्धतीचं शेतघर. १९१६ पासून म्युझियम आहे, घराण्यातल्या दोन बहिणींनी विकत घेऊन दुरुस्त करून शहराला दिलं. लाकडी ओसरी, उतरतं छप्पर, छोटी बाग, आणि चहूबाजूला सहा सहा मजली अपार्टमेंट बिल्डिंगा. मी तिथे होतो तेव्हा आजूबाजूची बहुतेक वस्ती डॉमिनिकन लोकांची, उन्हाळ्यात रात्रभर बचाता गाणी, फुटपाथवर डॉमिनोचे डाव. मी किराणा घेऊन त्या घरावरून जायचो. लोकांच्या तोंडी डायकमन म्हणजे रस्ता, स्टेशन, बास्केटबॉलचं कोर्ट. घराणं म्हणून कोणाला काही देणंघेणं नाही.

मग पीटचं दुखणं मला तिथे उभं राहून कळलं. तुमचं आडनाव शहराच्या नकाशावर आहे, स्टेशनच्या फलकावर आहे, आणि तुम्हाला त्याच शहरात एक फ्लॅट घ्यायला सासऱ्यांपुढे हात पसरावा लागतोय. आडनाव कुठेच नसतं तर एवढं लागलं नसतं.

वाड्यावरची

@इनवुडवासी, किती सुंदर लिहिलंत, लिहीत जा हो.

मला ही मालिका घरच्यासारखी वाटते ते याच कारणाने. आमचं माहेर सातारकडचं, वाडा, जमिनी, सगळं आजोबांच्या वेळेपर्यंत. मग कूळकायदा आला, १९५७ च्या एक एप्रिलला कुळं मालक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती, कसणारे तेच होते, त्याबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही. पण आमच्या घरात तो दिवस कोणी संपूच दिला नाही. जमीन गेल्यावर पंधरा वीस वर्षांनी जन्मलेल्या माझ्या चुलतभावाला रोज सांगितलं जायचं आपण कोण होतो. शाळेत मार्क कमी पडले तरी आपण कोण होतो, एसटीत उभं राहायला लागलं तरी आपण कोण होतो. तो मुलगा हुशार होता, खरंच होता, चित्रं फार छान काढायचा, पण त्याचं एकदाही कोणी चित्रासाठी कौतुक केलं नाही. पुढे नोकरीत कुठे टिकला नाही कारण साहेबाने काही सांगितलं की अपमान. आणि तो अपमान घरी येऊन वहिनीवर निघायचा, जेवणाच्या ताटावरून. मी लहान होते, स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकायचे.

पीट पेगीला जे बोलतो ना, पहिल्या सीझनमध्ये, सगळे बारमध्ये नाचत असतात, पेगीची कॉपी (जाहिरातीचा मजकूर) पहिल्यांदा क्लायंटला आवडलीय म्हणून ती आनंदात, नाचत नाचत त्याच्याजवळ येते आणि तो म्हणतो मला तू अशी आवडत नाहीस. तिचा चेहरा! वहिनीचा चेहरा तसाच व्हायचा. दुसऱ्याचं चांगलं झालं की याला आपलं काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटतं. त्यामुळे मी पीटला माफ करू शकत नाही पण ओळखते, फार जवळून ओळखते.

टपालवाला

+१ वाड्यावरची. वाचून सुन्न झालो.

मला डॉन आणि पीटच्या जोडीबद्दल लिहायचंय. सगळी मालिका नावाभोवती फिरते. डॉनने नाव चोरलंय, तो मुळात डिक व्हिटमन, कोरियाच्या युद्धात मेलेल्या अधिकाऱ्याचं नाव घेऊन आलेला, वेश्येच्या पोटचा, काही नसलेला. पीटला नाव वारशात मिळालंय. आणि चोरलेल्या नावावर डॉन राजासारखा चालतो आणि हक्काचं नाव असलेला पीट अडखळतो. म्हणून जेव्हा पीटला डॉनच्या जुन्या फोटो-वस्तूंची ती पेटी सापडते आणि डॉनचं खरं कळतं तेव्हा त्याला वाटतं आता न्याय होणार, हा खोटा आहे आणि मी खरा आहे. तो कूपरसमोर उभा राहून सगळं सांगतो. आणि कूपर म्हणतो, मिस्टर कॅम्पबेल, हू केअर्स? कोणाला पडलीये?

त्याच कूपरने याला आडनावावरून वाचवलं होतं बरं का. म्हणजे नाव महत्त्वाचं की नाही? तर धंद्याला उपयोगी असेल तेवढंच. पीटला वाटत होतं जगाचे काही नियम आहेत, कोण कुठल्या घरातला याला किंमत आहे, आणि ज्याने हे नियम चालवायचे तोच म्हणतो कोणाला पडलीये. मला वाटतं तो क्षण त्याच्यासाठी वडील गेल्याच्या क्षणापेक्षा मोठा आहे.

पण हेही बघा की पुढे चौथ्या सीझनमध्ये सरकारी चौकशीत डॉन अडकणार असतो तेव्हा पीट स्वतः मिळवलेलं विमान कंपनीचं चाळीस लाख डॉलरचं अकाउंट सोडून देतो, रॉजरच्या शिव्या खातो आणि तोंडातून एक अक्षर काढत नाही. ज्या गुपिताने डॉनला बुडवायला निघाला होता तेच पोटात ठेवून. आणि नंतर कंपनी वाचवायला पार्टनरांनी पैसे भरायचे असतात तेव्हा पीटचा वाटा डॉन गुपचूप भरतो. कोणी कोणाला बोलून दाखवत नाही. मला त्या दोघांचं हे फार आवडतं.

जुनीवही

@टपालवाला, वडलांच्या मृत्यूचं काढलंत म्हणून. तो भाग मी काल परत बघितला. १ मार्च १९६२ चा खराच अपघात आहे तो, अमेरिकन एअरलाइन्सचं विमान न्यूयॉर्कहून उडाल्या उडाल्या जमैका बेमध्ये कोसळलं, ९५ च्या ९५ माणसं गेली. मालिकेत त्यात पीटचे वडील असतात. ऑफिसात सकाळी त्या अपघातावर हास्यविनोद चालू असतात आणि मग फोन येतो.

आणि पीटला काय करायचं तेच कळत नाही. रडू येत नाही. तो डॉनच्या केबिनमध्ये येतो आणि सांगतो माझे वडील त्या विमानात होते, मला कळत नाही मी काय करू, लोक अशा वेळी काय करतात? लहान मुलाने विचारावं तसं. डॉन त्यावेळी बरा वागतो, म्हणतो घरी जा, घरच्यांबरोबर राहा. मग भावाकडून कळतं की वडलांनी सगळं उडवून टाकलंय, शिल्लक काही नाही. आणि अकाउंट्सचा प्रमुख डक फिलिप्स म्हणत असतो की अमेरिकन एअरलाइन्सचं काम मिळवायचंय, तू भेटीला ये. पीट आधी नाही म्हणतो! हे लक्षात ठेवा, आधी नाही म्हणतो. परत डॉनकडे जातो, सल्ला मागायला, आणि नेमका डॉन तेव्हा दुसऱ्याच कारणाने भडकलेला, तो याला तोडून टाकतो. मग हा सरळ जातो डकबरोबर आणि त्या कंपनीच्या माणसासमोर बसून सांगतो की माझे वडील त्या विमानात होते. वडलांचा मृत्यूसुद्धा वटवून टाकला.

पाच मिनिटं कोणी नीट बोललं असतं तर तो तिथे गेला नसता असं मला मनापासून वाटतं. मीरज_जंक्शन म्हणतील तरी निवड त्याचीच. हो, त्याचीच. पण मला ती पाच मिनिटं विसरता येत नाहीत.

मीरज_जंक्शन

म्हणणारच होते :) पण हा प्रसंग मी तुमच्याइतका बारकाईने बघितला नव्हता, आधी नाही म्हणतो हे लक्षातच नव्हतं. परत बघते.

एक भर माझ्याकडून, त्याच्या बाजूने. एप्रिल १९६८, मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाल्यावर ऑफिसात टीव्ही विभागाचा हॅरी जाहिरातींचं नुकसान किती झालं ते मोजत असतो आणि पीट अक्षरशः किंचाळतो त्याच्यावर, की त्या माणसाला बायको होती, चार मुलं होती, लाज वाटू दे. एवढ्या सभ्य माणसांच्या ऑफिसात तोच एक बोलतो. आधी तिसऱ्या सीझनमध्येही टीव्हीचे आकडे बघून तोच म्हणतो की हे सेट काळ्या वस्तीत जास्त खपतायत मग जाहिरात तिथे करा, आणि क्लायंट बिथरतो. मात्र ते समजून घ्यायला तो लिफ्ट चालवणाऱ्या काळ्या हॉलिसला लिफ्टमध्ये अडवून उलटतपासणी केल्यासारखे प्रश्न विचारतो, तो बिचारा नोकरीवर आहे, लिफ्ट थांबवलीय, उत्तर न देऊन करतो काय. म्हणजे दिसतं त्याला सगळं, पण समोरच्या माणसाची अडचण दिसत नाही.

किंगच्या वेळचा राग खरा आहे असं मी मानते. तेव्हा ट्रूडीने त्याला घराबाहेर काढलेलं असतं आणि त्या रात्री तो तिला फोन करतो, मी येऊ का म्हणून, ती नको म्हणते. बायको, मुलं हे शब्द त्याच्या तोंडी तेव्हाच का आले ते कळतं.

कोकणकडा

अवांतर वाटेल पण नळाचा प्रसंग कोणी काढलाच नाही. पाचवा सीझन, उपनगरातलं घर, पीट रात्री स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करतो आणि इतका खूश होतो. मग पाहुणे आलेले असताना तोच नळ फुटतो, डॉन शर्ट काढून खाली वाकतो आणि दुरुस्त करतो, बायका टाळ्या वाजवतात, पीट हातात हत्यारांची पेटी घेऊन उभा. त्याच भागात ऑफिसात पार्टनर लेन प्राइसकडून मार खातो, भर मीटिंगच्या खोलीत, गुद्दे. मग लिफ्टमध्ये डॉनसमोर रडतो, माझ्याकडे काहीच नाही म्हणतो. घर, बायको, लेक, पार्टनरशिप सगळं आहे आणि काहीच नाही.

मला तेव्हा त्याला ओरडून सांगावंसं वाटतं की अरे नळ तूच पहिल्यांदा दुरुस्त केला होतास, पुरेसं होतं तेवढं.

वाड्यावरची

पीटच्या लेकीच्या शाळेचा प्रसंग. शेवटचा सीझन. ग्रिनिचच्या शाळेत टॅमीला प्रवेश मिळत नाही. एक तर तिला माणूस काढ म्हटल्यावर तिने फक्त डोकं, मिशी आणि टाय काढलाय (हे बघून मला रडू आलं, बाबा म्हणजे तेवढंच दिसलंय त्या मुलीला), आणि दुसरं म्हणजे हेडमास्तर मॅकडोनल्ड आणि हे कॅम्पबेल. १६९२ साली स्कॉटलंडमध्ये ग्लेनको इथे कॅम्पबेलच्या हाताखालच्या सैनिकांनी पाहुणे म्हणून राहून मॅकडोनल्डांची कत्तल केली होती, तो राग हा माणूस १९७० मध्ये एका लहान मुलीवर काढतोय. आणि पीट ओरडतो राजाचा हुकूम होता तो, आणि ठोसा मारतो.

बहुतेक लोक तो प्रसंग विनोदी म्हणून बघतात. मला नाही वाटला. जन्मभर ज्या नावावर येणं मागत राहिला त्याच नावाचं देणं लेकीच्या माथी आलं. आणि ठोसा पहिल्यांदाच वरच्या माणसाला बसला, खालच्याला नाही. ट्रूडीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं ना, तिथून ते दोघं परत जवळ यायला लागतात.

इनवुडवासी

मला ट्रूडीचं परत येणं पटलं नव्हतं. शेवटी पहाटे चार वाजता तो येतो, कॅन्ससमधल्या विचिटाची नोकरी, खाजगी विमानांची कंपनी, चल माझ्याबरोबर, आणि ती हो म्हणते. एवढं सगळं विसरून? माझी बायको म्हणते ती विसरली नाहीये, ती तसं बोलूनही दाखवते. तिचं म्हणणं, विचिटात डायकमन कोणाला माहीत नाही, म्हणून तो तिथे सुधारू शकतो. मला हे पटायला दोन दिवस लागले.

त्याच्या आधी तो भावाला विचारतो बघा, आपण असं का करतो, वडीलही बाहेर असंच करायचे का. सात सीझनमध्ये पहिल्यांदा स्वतःहून विचारलेला प्रश्न.

मीरज_जंक्शन

गुड्रुनला विचिटा नाही मिळालं एवढंच म्हणते. बाकी ट्रूडीचा निर्णय ट्रूडीचा.

टपालवाला

पेगीला त्याने कधी माफी मागितली का हो? मुलाबद्दल? तिने क्यूबाच्या क्षेपणास्त्र संकटाच्या त्या रात्री सांगितलं की तुझं मूल झालं आणि मी देऊन टाकलं, आणि तो त्या अंधाऱ्या केबिनमध्ये रायफल मांडीवर घेऊन बसून राहिला. पुढे त्यावर दोघं कधी बोललेले मला आठवत नाहीत.

जुनीवही

@टपालवाला, उघड माफी नाही. पण शेवटच्या भागातला निरोप आठवतोय का? पीट सगळं आवरून निघालाय, हातात कॅक्टसची कुंडी, पेगीला भेटायला येतो. तिला म्हणतो तू १९८० पर्यंत क्रिएटिव्ह डायरेक्टर होशील. ती म्हणते बापरे किती लांब आहे. तर म्हणतो होणारच आहे ते, एक दिवस लोक अभिमानाने सांगतील की आम्ही पेगी ओल्सनबरोबर काम केलं. ती गोंधळते, यावर मी काय म्हणायचं असतं? आणि तो म्हणतो, मला माहीत नाही, मला कोणी कधी असं म्हटलेलं नाही.

मी पहिल्या वेळी हे वाक्य ऐकलंच नव्हतं, पुढे ढकललं असणार. परवा ऐकलं आणि टीव्ही बंद करून बसले थोडा वेळ. हीच ती मुलगी जिला म्हणाला होता मला तू अशी आवडत नाहीस. आणि बोलताना आवाजात तक्रार नाही, दहा वर्षं जी तक्रार होती ती नाही.

मीरज_जंक्शन, हे लिहिताना गुड्रुन डोक्यात आहे, ती जाणार नाही आता.

चौथा सीझन परत सुरू करतेय आज. ट्रूडी गरोदर राहिल्याचं कळल्या कळल्या हा सासऱ्यांकडून सगळं विक्सचं अकाउंट मागतो तो भाग लागेल बहुतेक. बघून लिहिते.